सहा इंचात तांब्या : वापरातल्या वस्तूंची तैलचित्रं, प्रकल्प नोंदी

रविवार, ९ जून २०२४

ठरलेलं आधी लिहून ठेवते. सहा इंच बाय सहा इंच, तैलरंग, एका चित्रात एक वस्तू, फार तर दोन. वस्तू रोजच्या वापरातली हवी. माळ्यावरची नको, शोकेसमधली नको. संध्याकाळपर्यंत जागेवर परत गेली नाही तर घरात जिची शोधाशोध सुरू होईल, अशीच घ्यायची. दिवाळीपर्यंत होतील तेवढी चित्रं.

वस्तू परत द्यायचा नियम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. शाळेत इंटरमिजिएटच्या परीक्षेला स्थिरचित्रासाठी मडकं, दोन केळी आणि मागे निळं कापड मांडलेलं होतं. मडकं चित्रकलेच्या सरांच्या कपाटातलं. त्यात कधी कुणी पाणी भरलेलं नव्हतं. तेव्हा ते जाणवलं नाही. पण पुढे जेव्हा जेव्हा काही मांडून काढायला बसले, तेव्हा माझ्या वस्तू त्या मडक्यासारख्याच उतरायच्या. आकार बरोबर, छाया बरोबर, पण त्या कुणाच्याच नसायच्या.

प्लायवूडच्या दुकानातून चार मिलिमीटर एमडीएफचे वीस तुकडे कापून आणले. कडा पॉलिश पेपरने घासल्या. जेसोचे (रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे) तीन हात पुढून, दोन मागून. एकाच बाजूने रंगवलेला पातळ बोर्ड पावसाळ्यात दमट हवा खातो आणि ताटलीसारखा वळतो. मागच्या वर्षी चार बोर्ड असेच गेले. जेसो वाळल्यावर रॉ अंबरचा (मातकट तपकिरी) अगदी पातळ हात दिला आणि चिंधीने पुसून घेतला. पांढऱ्याशुभ्र बोर्डावर पहिला रंग लावला की तो आहे त्याहून गडद वाटतो, मग आपण घाबरून तो फिकट करतो आणि पुढचं सगळं चित्र फिकटच होत जातं.

१६ जून

जागा : हॉलची उत्तरेची खिडकी. मिक्सरच्या खोक्याची एक बाजू आणि झाकण कापून आत करडा कागद लावला. वस्तू या खोक्यात ठेवली की उजेड एकाच बाजूने येतो आणि समोरच्या इमारतीच्या गुलाबी भिंतीचा रंग वस्तूवर सांडत नाही.

पॅलेट : टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर (मातकट पिवळा), कॅडमियम यलो अगदी थोडा, बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी), रॉ अंबर, अलिझरिन क्रिमझन (गडद लाल), अल्ट्रामरीन (निळा). काळा नाही. अल्ट्रामरीन आणि रॉ अंबर मिसळून येणारा गडद मला हवा तसा थंड किंवा उबदार करता येतो.

एक पथ्य. वस्तू मांडून झाल्याशिवाय ट्यूब उघडायची नाही, आणि एकदा उघडली की वस्तूला हात लावायचा नाही. ती परत स्वयंपाकघरात जाणार आहे; बोटावरचं विषारी कॅडमियम तिच्याबरोबर जाता कामा नये. टर्पेंटाइन फक्त तळाच्या हातापुरतं, तेही गॅलरीत. ब्रश आधी तेलात खळबळून पुसायचे, मग साबणाने धुवायचे.

पहिली वस्तू चहाची गाळणी. चार वाजता आईंचा (सासूबाईंचा) चहा, म्हणजे पावणेचारची मुदत. सुरुवातीला जाळीची एकेक तार काढत बसले, तर गाळणीची मच्छरदाणी झाली. नाइफने सगळं खरवडलं. मग जाळीचा सपाट राखाडी तपकिरी रंग भरला, त्यावरून कोरड्या ब्रशने फिकट रंग नुसता ओढला, आणि अगदी जवळच्या कडेला ब्रशच्या दांडीने चार-पाच तारा कोरल्या. डोळा उरलेल्या तारा आपणहून भरून घेतो. मधला चहाचा डाग बर्न्ट सिएनाचा.

आई गाळणी न्यायला आल्या, चित्राकडे बघून म्हणाल्या, "अगं, डागसुद्धा काढलास? आज घासणारच होते मी ती."

२३ जून

आज लोणच्याची बरणी हवी होती. आईंनी स्पष्ट सांगितलं, "बरणी हलवायची नाही. पंधरा दिवस झालेत फक्त, मुरतंय अजून. काढायची तर तिथेच बसून काढ." मग फडताळासमोर पाट घेऊन बसले. ट्यूबलाइट बंद केली, डावीकडच्या खिडकीचा तेवढा उजेड.

बरणी नेहमीचीच, चिनी मातीची. वरून खांद्यापर्यंत तपकिरी, खाली पिवळसर पांढरी. तोंडाला पांढरा दादरा बांधलेला, त्याच्या कडेला तेलाचा पिवळा ओघळ. वरचं गडद आणि खालचं फिकट, हे डोक्यात इतकं पक्कं असतं की आपण बघतच नाही. अर्धा तास मी तसंच रंगवलं आणि बरणी कागदासारखी चपटी होत गेली. शेवटी करड्या पुठ्ठ्याला पंचने भोक पाडलं आणि त्यातून दोनच जागा पाहिल्या : तपकिरीवर खिडकीचा उजेड पडला होता ती, आणि पांढऱ्याची सावलीतली बाजू. पांढऱ्याची बाजू स्पष्टपणे जास्त गडद होती. अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना आणि जेमतेम पांढरा, असं मिश्रण मी "पांढऱ्या" रंगासाठी बनवलं आणि ते लावताना हात खरोखर अडखळला. लावलं, आणि बरणीला पोट आलं.

हा पुठ्ठा आता रंगाच्या पेटीतच राहणार.

३० जून

दोन कांदे. सालीचा गुलाबी जमला नाही, अलिझरिन फार झालं. खरवडून टाकलं. बोर्ड पुन्हा वापरता येईल.

७ जुलै

स्टीलचा डबा, साखरेचा. साखर दुसऱ्या डब्यात काढून घेतली, आईंनी संध्याकाळपर्यंत चालवून घेतलं.

स्टीलला स्वतःचा रंग जवळजवळ नसतोच. डावीकडे खिडकीचा निळसर राखाडी पट्टा, खाली फरशीचा उबदार पट्टा, मधे खोक्याचा करडा, आणि बरोबर मध्यावर एक उभी लाल रेघ. ती कशाची ते कळायला वेळ लागला. माझा कुर्ता होता. मी वाकले की रेघ रुंद व्हायची, मागे सरले की बारीक. पाठ खुर्चीला टेकवून, एकाच जागी बसून ती रेघ रंगवली. अख्ख्या चित्रातला तेवढाच खरा लाल. स्टील संपेपर्यंत दर रविवारी हाच कुर्ता.

डब्यावरचे पट्टे एकमेकांत मिसळायचा मोह होतो. मिसळले की डबा ॲल्युमिनियमचा वाटायला लागतो. स्टीलच्या कडा धारदार ठेवाव्या लागतात. गडदाच्या शेजारी थेट फिकट, मधे काही नाही. ॲल्युमिनियम धुरकट दिसतं, पितळ मऊ, स्टील कडक. धातूंमधला फरक रंगापेक्षा कडांत जास्त आहे, असं आता वाटायला लागलंय.

१४ जुलै

आज काम नाही, फक्त वाळवण पाहिलं.

गाळणी वाळली. बरणीचा तपकिरी भाग वाळला, पांढरा अजून बोटाला लागतो. डबा पूर्ण ओला. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होत जातं, म्हणून प्रत्येक रंगाचा वेग वेगळा. रॉ अंबरमध्ये मँगनीज असतं, ते वाळण्याला घाई करतं. टायटॅनियम व्हाइट रेंगाळतो. त्यातून या दमट हवेत सगळंच दुप्पट वेळ घेतंय. ओले बोर्ड बंद कपाटात ठेवायचे नाहीत, अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं. फ्रिजवर, खिडकीकडे तोंड करून उभे केलेत.

गाळणीचा गडद भाग मातकट पडलाय, तेल खाली शोषलं गेलं म्हणून. त्यावर तेलाचा एक थेंब बोटाने चोळला आणि जास्तीचं पुसून घेतलं. रंग परत वर आला.

घरच्यांसाठी सूचना फ्रिजवर चिकटवलीये : तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकायचा नाही. वाळताना तेल गरम होतं. बोळ्यात ती उष्णता अडकते आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. चिंध्या गॅलरीच्या दांडीवर सुट्या पसरायच्या, वाळून कडक झाल्या की मग टाकायच्या.

२१ जुलै

तांब्या घेतला. आईंच्या उशाशी रात्री पाणी भरून असतो तो, पितळी. सकाळी त्या विसळून पालथा घालतात, म्हणून मला दिवसभर मिळतो.

आज फक्त रेखाटन आणि तळाचे गडद. तोंडाची लंबगोल कड आणि बुडाची लंबगोल कड सारखी नसते. बूड डोळ्यापासून जास्त खाली, म्हणून तिथली कड जास्त उघडलेली दिसते. हे माहीत असूनही दोनदा चुकले.

गुरुवार, २५ जुलै

रात्रभर कोसळतोय. खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडलंय, नदीकाठच्या भागांत घरांत पाणी शिरलंय. आमचा भाग उंचावर, पण शाळा बंद, ऑफिसलाही जाता आलं नाही. लेक घरात, मी घरात, वीज नाही.

सकाळी अकरा ते दीड एकसारखा राखाडी उजेड होता. ढग इतके दाट की उजेडाची दिशा सरकलीच नाही. रंग वाळायला पावसाळा वाईट, पण बघायला याहून चांगला उजेड मला वर्षभरात मिळत नाही. तांब्याचं पोट याच उजेडात केलं.

२८ जुलै

तांब्या जवळजवळ झाला. सविस्तर लिहून ठेवते.

आषाढातला न घासलेला तांब्या हा पिवळा नसतोच. पोटावर लालसर तपकिरी ढग आहेत, पाणी वाळून उमटलेले. रॉ अंबर, ऑकर आणि टोकाएवढं अलिझरिन. गळ्याच्या खाली, जिथे पोट सुरू होतं, त्या खाचेत हिरवट काळी रेघ. बुडाशी एक पोचा, त्यात खिडकी उलटी दिसते, तांदळाएवढी.

पण खरी गोष्ट गळ्याची. गळा चकचकीत आहे, पोट मळकट असताना. साधारण दोन बोटं रुंदीचा पट्टा, सभोवार. मी बराच वेळ समजत होते की तिथे उजेड जास्त पडतोय, म्हणून तो पट्टा उजेडासारखा रंगवला आणि तो सारखा चुकीचा दिसत राहिला. सावलीच्या बाजूलाही तो वरच्या-खालच्या भागापेक्षा स्वच्छ होता, हे पुठ्ठ्याच्या भोकातून कळलं. मग रात्री आई पाणी प्यायला उठल्या तेव्हा पाहिलं. त्या तांब्या नेहमी गळ्याशी धरतात, अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात. रोज रात्री, रोज सकाळी. तो पट्टा त्यांच्या हाताने घासला गेलाय.

गळा पुढच्या रविवारी. तो घाईत करायचा नाही.

शनिवार, ३ ऑगस्ट

ऑफिसातून आले तर ओट्यावर तांब्या सोन्यासारखा लखलखत होता. उद्या दीप अमावास्या. आईंनी समया, निरांजनं, लामणदिवा सगळं चिंच लावून घासायला काढलं, त्यात तांब्याही घासून टाकला. पोट, गळा, खाच, सगळं एकसारखं पिवळंधमक.

मी काही बोलले नाही, पण चेहऱ्यावर दिसलं असणार. आई म्हणाल्या, "अगं, सणाला भांडं मळकं कसं ठेवायचं?" बरोबर आहे त्यांचं. मला वाईट मात्र वाटलं. आठवडाभर डोक्यात तो गळा घोळवत होते.

४ ऑगस्ट

पाटावर दिवे मांडले, कणकेचे गोड दिवे उकडले, पूजा झाली. दिवे लागलेले असताना दोन मिनिटं रंगाचाच विचार मनात. सा. ल. हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या बाईचं चित्र आठवलं, 'ग्लो ऑफ होप', म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं. रविवर्म्याचं म्हणून लोक ते बऱ्याचदा दाखवतात. आहे सावंतवाडीच्या हळदणकरांचं, आणि तेही जलरंगातलं. जलरंगात उजेड म्हणजे कागद राखावा लागतो. आम्हाला तैलरंगात उजेड सगळ्यात शेवटी, वर ठेवता येतो. एवढी सवलत असूनही माझी ज्योत पिठूळ होते.

दुपारी तांब्याचा निर्णय घेतला. गळा आठवणीने पुरा करायचा नाही. आठवणीने केला तर तो मला हवा तसा होईल, होता तसा होणार नाही. चित्र अर्धंच राहील, गळ्याच्या जागी तळाचा अंबर दिसत राहील. आणि घासलेला तांब्या नव्या बोर्डावर.

११ ऑगस्ट

घासलेला तांब्या. अवघड नव्हता, हेच खटकतंय. ऑकर, कॅडमियम यलो, पांढरा. सावलीत सिएना आणि अल्ट्रामरीन. गडद जवळजवळ काळे आणि त्यांना लागून एकदम तेजस्वी पिवळे. चकचकीत पितळात वस्तूपेक्षा खोलीच जास्त दिसते. खिडकीचे गज, खोक्याची कड, माझं डोकं. तीन तासांत झालं. लेकीला हेच सगळ्यात जास्त आवडलं. मला यात तांब्या कमी आणि पितळ जास्त दिसतं.

२५ ऑगस्ट

बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात लेकीला घेऊन गेले. दिनकर केळकरांनी (१८९६–१९९०) लहानपणी गेलेल्या राजा या मुलाच्या स्मरणार्थ उभं केलेलं घर. वीस हजारांवर वस्तू, आणि त्यातल्या कितीतरी घरातल्याच : अडकित्ते, वज्री, फण्या, दिवे, पानाचे डबे. घरोघरी टाकून दिल्या जाणाऱ्या वस्तू एका माणसाने आयुष्यभर मागून, विकत घेऊन जमवल्या, याबद्दल मला त्यांचे पाय धरावेसे वाटतात.

वहीत तीन अडकित्ते उतरवले. पण मनात तांब्याच होता. काचेच्या आतल्या पितळावर आता कुणाचा हात फिरत नाही. ते होतं तिथे थांबवलेलं आहे. इटलीतल्या बोलोन्याचा चित्रकार मोरांदी (१८९०–१९६४), त्याचंही असंच. तो त्याच त्या बाटल्या आणि डबे वर्षानुवर्षं मांडून काढत राहिला, त्यांच्यावर धूळ साचू द्यायचा, चकाकी नको म्हणून काही बाटल्या रंगवूनही टाकायचा. त्याच्या चित्रांतली शांतता त्या थांबलेपणातून येते, आणि ती चित्रं मला फार प्रिय आहेत. पण माझ्या वस्तूंना थांबायला वेळ नाही. माझी चित्रं त्यांच्या मागे धावतच व्हायला हवीत.

१ सप्टेंबर

शनिवारी गणपती. पितळ पुन्हा घासायला निघालं, तांब्यासकट. यावेळी मला आधीच माहीत होतं. विळीचं चित्र अर्धं. मोदकांसाठी नारळ खवायला विळी लागणार, म्हणून परत.

२२ सप्टेंबर

लसणाचा गड्डा आणि पाण्याचा पेला. फ्रेंच चित्रकार शार्दांच्या (१६९९–१७७९) एका चित्रात पाण्याचा पेला, कॉफीचं भांडं आणि शेजारी लसणाचे गड्डे आहेत. पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयात आहे ते, मी फक्त छापलेलं पाहिलंय. लसणाची साल रंगवताना तो पांढऱ्याला किती कमी हात लावतो, हे शिकायला समोर ठेवलं. माझ्या लसणात पांढरा शेवटच्या तीन फटकाऱ्यांतच आला, बाकी सगळा जांभळट राखाडी. आजवरचं सगळ्यात समाधानाचं चित्र.

लसूण संध्याकाळी फोडणीत गेला.

६ ऑक्टोबर

नवरात्र. आईंनी घटस्थापनेआधी देवाची उपकरणी तेवढी घासली. तांब्या बाजूला ठेवला होता. मी काही सांगितलं नव्हतं.

२० ऑक्टोबर

तांब्या खिडकीत नेऊन पाहिला. गणपतीला घासला त्याला सहा आठवडे झाले. पोटावर लालसर ढग उमटायला लागलेत, आषाढातल्याइतके दाट नाहीत. खाचेतला हिरवा अजून नाही. आणि गळा पुन्हा वेगळा दिसतोय, पट्टा अगदी फिकट, पण आहे. तिसरा बोर्ड काढला. रेखाटन आणि पोट आज, गळा पुढच्या रविवारी. मग दिवाळी.

२७ ऑक्टोबर

उद्या वसुबारस. सकाळपासून ओट्यावर चिंच भिजत घातलेली. समई, घंगाळ, पळी-पंचपात्र, सोऱ्या, सगळं मोरीत जमा झालं. आई म्हणाल्या, "तांब्या शेवटी घेते. तुझं उरकून घे."

नऊ ते साडेअकरा. पोटाचा रंग गेल्या रविवारचा, अजून किंचित ओला, त्यामुळे गळ्याची खालची कड त्यात मऊ मिसळली. ऑकर, पांढरा, सावलीकडे वळताना अल्ट्रामरीनचा अंश. सावलीतही पट्टा पोटापेक्षा स्वच्छ ठेवला, उजेडासारखा चमकवला नाही. मोठा चपटा ब्रश, डावीकडून उजवीकडे एकाच फटकाऱ्यात, आणि त्याला पुन्हा हात लावला नाही. खिडकीचा ठिपका पोटावर, पोच्याच्या वर.

आई दारात आल्या, मनगटापर्यंत चिंच. "झालं?"

"झालं, आई."

त्या चित्राजवळ आल्या, वाकून पाहिलं. म्हणाल्या, "हा जुना झाला तसाच काढलास." मग हात पदराला पुसला, तांब्या गळ्याशी धरला आणि आत घेऊन गेल्या.

तिन्ही बोर्ड शेजारी शेजारी फ्रिजवर लावलेत. अर्धा, घासलेला, आणि हा. गळ्याचा रंग जाड आहे, वाळायला वेळ लागेल. फराळाच्या धावपळीत कुणाचा हात लागू नये म्हणून हा तिसरा भिंतीच्या कडेला. व्हार्निश मे महिन्याच्या आधी नाही.